तुतारीवाला

त्याला नाव नाही. गाव नाही, आडनाव नाही आणि त्यामुळे जातही नाही. महाराष्ट्रात उमेदवारी मागायला गेलेल्या माणसाला पक्ष कार्यालयात जे चार प्रश्न पहिल्यांदा विचारतात, त्यातल्या एकाचंही उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. मागे घराणं नाही, हाताशी साखर कारखाना नाही, जिल्हा बँक नाही, दूध संघ नाही. तरीही 2024 च्या फेब्रुवारीत एका पक्षाने त्याला उभं केलं, आणि एका मतदारसंघात नाही, एकदम दहा मतदारसंघांत. जून उजाडला तेव्हा दहापैकी आठ ठिकाणी त्याच्यासमोरचं बटण दाबणाऱ्यांची सरशी झाली होती. सगळे पक्ष ज्या 'नव्या चेहऱ्या'च्या शोधात असतात, तो असा अचानक, आयोगाच्या एका पत्रातून चालत आला.

अर्थात चेहरा म्हणायचा तो त्याचा कुणी धड पाहिलेलाच नाही. अर्धं तोंड तुतारीने अडवलेलं. काळ्या रेघांत काढलेला माणूस, बाजूने उभा, सगळं लक्ष हातातल्या वाद्यावर. निवडणूक आयोगाच्या दप्तरी त्याची नोंद 'मॅन ब्लोइंग तुर्‍हा' अशी आहे, मराठीत 'तुतारी वाजवणारा माणूस'. एवढं लांबलचक नाव प्रचाराच्या धामधुमीत कोण घेणार? लोकांनी त्यातला माणूस काढून टाकला आणि नुसतं 'तुतारी' म्हणायला सुरुवात केली. पुढे त्याच्या वाट्याला जो ताप आला, त्याची सुरुवात इथून झाली.

आधी त्याच्या धंद्याविषयी. पितळेची किंवा तांब्याची वळणदार नळी, निमुळत्या टोकाला ओठ लावायचे, दुसरं टोक रुंद होत आभाळाकडे गेलेलं. सनईसारखी तुतारीला भोकं नसतात, त्यामुळे बोटांना काही काम नाही. ओठांचा दाब आणि छातीतला दम एवढ्यावर निघतील तेवढेच मोजके सूर. तुतारीवर कुणी यमन आळवत नाही, कुणी तिची मैफल ठेवत नाही. तिचं काम एकच, वर्दी देण्याचं. नवरदेव मांडवाच्या दारात आला, पालखी हलली, शिवजयंतीला महाराजांच्या पुतळ्याला हार चढला, प्रमुख पाहुण्यांची गाडी फाटकातून आत आली, की ती वाजते. पाहुणे एकदा खुर्चीत बसले की तुतारीवाला मंडपाच्या कडेला जाऊन फेटा सैल करतो. त्याला कुणी 'दोन शब्द' बोलायचा आग्रह करत नाही आणि त्याचीही तशी अपेक्षा नसते.

दुसऱ्याच्या येण्याची खबर देण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्यालाच या पक्षाने म्हटलं, बाबा रे, आता आमचं सगळं तुझ्यावर.

चिन्हाची ही जागा रिकामी कशी झाली तेही पाहायला हवं. 10 जून 1999 रोजी शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष काढला, तेव्हापासून तिथे घड्याळ कामाला होतं. दोन पायांवर उभं, गजराचं, काटे कायम दहा वाजून दहा मिनिटांवर. चोवीस वर्षांत त्याने सत्ता पाहिली, विरोधी बाकं पाहिली, पुन्हा सत्ता पाहिली. मग 2 जुलै 2023 च्या रविवारी अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली, त्यांच्यासोबत आणखी आठ जणांनी मंत्रिपदाची, आणि एका पक्षाचे दोन झाले. 6 फेब्रुवारी 2024 रोजी निवडणूक आयोगाने अजित पवारांच्या गटाला मूळ पक्ष ठरवलं. नाव त्यांच्याकडे गेलं आणि घड्याळही. दुसऱ्या दिवशी उरलेल्या गटाला 'नॅशनॅलिस्ट काँग्रेस पार्टी – शरदचंद्र पवार' हे नाव मिळालं, पण नावापुढे चित्र नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 19 फेब्रुवारीला न्यायालयाने सांगितलं, हे नाव तूर्त चालू ठेवा आणि पक्षाने अर्ज केला की आठवड्याच्या आत चिन्ह द्या. 22 फेब्रुवारीला आयोगाने चिन्ह दिलं. तुतारीवाल्याची नेमणूक ती अशी, कोर्टाच्या धाकात, घाईत, आणि पक्कं पद न देता.

दोन दिवसांनी, 24 फेब्रुवारीला, त्याला रायगडावर नेण्यात आलं. राजकारणात नवीन माणसाचा पक्षप्रवेश होतो तो पक्ष कार्यालयात, गळ्यात उपरणं घालून. याचा झाला गडावर, शिवाजी महाराजांच्या साक्षीने. 83 वर्षांचे पवार गडावर पालखीतून गेले. खऱ्या तुताऱ्या वाजल्या. नव्या माणसाला एवढा मान या पक्षात आधी क्वचितच कुणाला मिळाला असेल. पण मानाबरोबर ओझंही आलं. ज्यांचे बहुतेक आमदार गेले, नाव गेलं, चिन्ह गेलं, त्यांना त्या दिवशी आपलं म्हणून दाखवायला हाच एक होता.

पवारांना मात्र तो नवखा वाटला नसावा. 1967 साली ते बारामतीतून पहिल्यांदा विधानसभेत गेले ते बैलजोडीवर. काँग्रेस फुटली, बैलजोडी गोठली, गाय-वासरू आलं. पुढे चरखा, मग हात, मग घड्याळ. इतक्यांबरोबर संसार केलेल्या माणसाला सहावा सोबती घेताना काही वाटत नसणार. अडचण होती ती मतदाराची. गावातल्या ज्या बाईने चोवीस वर्षं मतदान केंद्रात जाऊन डोळे मिटून घड्याळ शोधलं, तिला आता सांगायचं होतं की घड्याळ दिसेल, पण ते आपलं नाही. आपला तो खाली, तुतारी घेतलेला.

सांगायला वेळ किती? वर्ध्याचं मतदान 26 एप्रिलला होतं, म्हणजे रायगडापासून दोन महिने. बारामती, सातारा, माढ्याचं 7 मेला. तेवढ्यात त्याचं चित्र भिंतींवर, टोप्यांवर, बिल्ल्यांवर, मोबाइलच्या स्टेटसवर चढलं. प्रत्येक सभेच्या तोंडी खरे तुतारीवाले उभे राहिले. आत्तापर्यंत सर्व पक्षांच्या पाहुण्यांसाठी तुतारी वाजवणाऱ्यांची यात विनाकारण पंचाईत झाली. एखाद्या समारंभात तुतारी वाजली की व्यासपीठावरचे दुसऱ्या पक्षाचे पुढारी चपापायचे आणि समोरचे लोक हसायचे. असा फुकटचा प्रचार घड्याळाच्या नशिबी कधी नव्हता. कुठल्याही लग्नाच्या वरातीत पक्षाचं चिन्ह वाजत जातं, हे सुख भल्या भल्या चिन्हांना मिळत नाही.

तो रुजला तो याच कारणाने. यंत्रावर तो नवा होता, कानाला जुना होता. केशवसुतांनी 1893 साली 'तुतारी' लिहिली तेव्हापासून शिकलेल्या मराठी माणसाच्या मनात या वाद्याशी जागं होण्याची, जुनं मोडण्याची भावना जोडलेली आहे. न शिकलेल्याच्या मनात ती देवाची पालखी आणि शिवाजी महाराजांची स्वारी यांच्याशी जोडलेली आहे. शिरूरचे उमेदवार अमोल कोल्हे यांना तर महाराष्ट्राने आधी दूरचित्रवाणीवर शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज म्हणूनच पाहिलं होतं. त्यांच्याभोवती तुतारी वाजणं कुणाला खटकण्यासारखं नव्हतं. शिरूरचीच आणखी एक गंमत. 2019 मध्ये कोल्हे घड्याळ घेऊन लढले आणि त्यांनी शिवाजीराव आढळराव पाटलांचा धनुष्यबाण हरवला. 2024 मध्ये माणसं तीच, पण आढळरावांच्या हाती घड्याळ होतं आणि कोल्ह्यांकडे तुतारी. जिंकले पुन्हा कोल्हेच. घड्याळ त्या मतदारसंघात एकदा विजयी झालं आणि एकदा पराभूत, दोन्ही वेळा समोरासमोरची माणसं न बदलता.

बारामतीत याहून नाजूक प्रसंग होता. ज्या घड्याळावर सुप्रिया सुळे 2009 पासून तीन वेळा लोकसभेत गेल्या, तेच घड्याळ 2024 मध्ये त्यांच्या विरोधात, सुनेत्रा पवारांसमोर होतं. घरातलं भांडण चिन्हांच्या अंगावर आलं. सुळे 1,58,333 मतांनी निवडून आल्या. तुतारीवाल्याला त्या रात्री बारामतीत ज्या मिरवणुकीत फिरवलं, तिचा थाट पाहून कुणालाही वाटलं असतं की निवडून तोच आला.

इथे थोडं थांबून चिन्ह या जमातीविषयी बोललं पाहिजे. आपल्याकडे निवडणूक लढवणारा माणूस आणि चित्र यांची जोडी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनची आहे. 1951-52 साली बहुसंख्य मतदारांना अक्षरओळख नव्हती, म्हणून पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळात प्रत्येक उमेदवाराची मतपेटीच वेगळी ठेवली गेली आणि तिच्यावर चिन्ह लावलं गेलं. मतदाराने कोरा कागद आपल्या चित्राच्या पेटीत टाकायचा. पुढे चित्र कागदावर आलं, मग यंत्रावर. चिन्ह कुणाला द्यायचं, पक्ष फुटला तर कुणाकडे ठेवायचं, याचे नियम 1968 च्या चिन्ह आदेशात आहेत. मान्यताप्राप्त पक्षांची चिन्हं राखीव असतात. बाकीच्यांसाठी मुक्त चिन्हांची यादी. त्या यादीत कपाट आहे, फुगा आहे, ढोबळी मिरची आहे, फुलकोबी आहे, रिक्षा आहे. यातलं कुणी एका निवडणुकीपुरतं एखाद्या अपक्षाकडे राबतं आणि निकालानंतर परत यादीत येऊन बसतं. चिन्हांच्या जगातले हे रोजंदारीवरचे. यांच्यातून एखाद्याला पक्ष कायमचा उचलतो, तेव्हा त्याचं आयुष्य पालटतं.

तुतारीवाल्यालाही कायम होण्यासाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागली. 19 मार्च 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला सांगितलं की लोकसभा आणि विधानसभेसाठी हे चिन्ह शरद पवारांच्या पक्षाकरता राखून ठेवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका. त्याच आदेशात घड्याळवाल्यांनाही बजावलं की हे चिन्ह न्यायप्रविष्ट आहे असं आपल्या जाहिरातींत लिहा. तुतारीवाल्याला अशा रीतीने संरक्षण मिळालं. त्याच्यासारखा दुसरा तुतारीवाला आता उभा राहू शकत नव्हता.

पण तुतारी उभी राहू शकत होती.

मुक्त चिन्हांच्या त्याच यादीत इंग्रजीत 'ट्रम्पेट' म्हणतात ते वाद्य होतं. माणूस नाही, नुसतं वाद्य. जत्रेत पोरं विकत घेतात त्या पिपाणीची आठवण करून देणारं, म्हणून पुढे सगळे त्याला पिपाणीच म्हणू लागले. यादीत त्याचं मराठी नाव मात्र 'तुतारी' असं छापलेलं. ठिकठिकाणी अपक्षांनी ते मागून घेतलं. पक्षाने तक्रार केली, सुप्रिया सुळ्यांनी एप्रिलमध्येच आयोगाकडे हरकत नोंदवली, पण यादी ती यादी. प्रचारात दोन महिने लोकांना घसा फोडून सांगितलं होतं, 'तुतारीसमोरचं बटण दाबा.' लोक आज्ञाधारक निघाले. त्यांनी यंत्रावर तुतारी शोधली. एका चौकोनात माणूस होता, हातात काहीतरी घेतलेला. दुसऱ्या चौकोनात वाद्यच होतं, स्पष्ट, मोठं. काहींनी वाद्य निवडलं.

साताऱ्यात शशिकांत शिंदे उदयनराजे भोसल्यांकडून 32,771 मतांनी हरले. तिथल्या पिपाणीवाल्या अपक्षाला 37,062 मतं पडली. पूर्वी साताऱ्यात 2019 च्या पोटनिवडणुकीत पवार भर पावसात भिजत बोलले आणि श्रीनिवास पाटील घड्याळावर निवडून आले, ती आठवण ताजी असलेला हा जिल्हा. तिथे पक्षाच्या हातून जागा गेली ती अशी. दिंडोरीत तर प्रकार आणखी बहारीचा. पक्षाचे उमेदवार भास्कर भगरे हे पेशाने शिक्षक, पंचक्रोशीत 'भगरे सर' म्हणून ओळखले जाणारे, दिल्लीच्या वाटेला पहिल्यांदाच निघालेले, तुतारीवाल्याइतकेच नवखे. त्यांच्यासमोर दुसरे एक भगरे पिपाणी घेऊन उभे, आणि तेही नावापुढे 'सर' लावून. फारसा प्रचार न करता या दुसऱ्या सरांनी 1,03,632 मतं घेतली. खरे सर 1,13,199 मतांनी निवडून आले म्हणून बरं. एखाद्या नवख्याला त्याचे विरोधक जेवढे घाबरवू शकत नाहीत, तेवढा त्याच्यासारखा दिसणारा घाबरवतो, हे दिंडोरीत आकड्यांनिशी कळलं.

तरीही जूनमध्ये आनंद मोठा होता. बारामती, शिरूर, अहमदनगर, बीड, माढा, दिंडोरी, वर्धा, भिवंडी. गेली ती सातारा आणि रावेर. घड्याळवाल्यांनी चार जागा लढवल्या आणि एकट्या रायगडची जिंकली. मग जे कोणत्याही नवख्याच्या बाबतीत होतं तेच तुतारीवाल्याच्या बाबतीत झालं. यशाचं कारण शोधताना लोकांना सगळ्यात सोपं कारण तोच वाटला. कांद्याचे भाव, सोयाबीनचा दर, मराठा आरक्षणाचा क्षोभ, संविधानाविषयीची धास्ती, फोडाफोडीबद्दलची चीड, यांतलं एकही कारण छातीला बिल्ला म्हणून लावता येत नाही. तुतारी लावता येते. इच्छुकांची रांग पक्षाच्या दारात लागली ती 'तुतारी मिळाली की आमदारकी आली' या हिशेबाने. ज्यांनी वर्षभरापूर्वी पाठ फिरवली होती, त्यातलेही काही जण परतीची वाट चाचपू लागले. मुलाखतींच्या दिवशी कार्यालयाबाहेर जो तो तुतारी फुंकत होता. एकटा तुतारीवाला तेवढा गप्प होता, कारण चित्रातली तुतारी वाजत नाही.

शेजारच्या घरातल्या मशालीकडे कुणी पाहिलं असतं, तर थोडं भान राहिलं असतं. शिवसेना फुटल्यावर उद्धव ठाकऱ्यांकडे ऑक्टोबर 2022 मध्ये मशाल आली आणि पहिल्याच परीक्षेत, अंधेरी पूर्वच्या पोटनिवडणुकीत, ऋतुजा लटके जिंकल्या. मशालीचंही तेव्हा असंच कौतुक झालं होतं. पण भारतीय जनता पक्षाने त्या निवडणुकीत आपला उमेदवार मागे घेतला होता, हे कौतुक करणाऱ्यांच्या लक्षात फार दिवस राहिलं नाही. नव्या चिन्हाची पहिली जीत बहुधा दुसऱ्याच कुठल्या कारणाने झालेली असते.

विधानसभेआधी पक्ष पुन्हा आयोगाकडे गेला. मागणी दोन कलमी होती. आमचा माणूस यंत्रावर बारीक दिसतो, तो ठळक करा, आणि पिपाणी बंद करा. पहिली मान्य झाली. तुतारीवाला थोडा मोठा, थोडा ठसठशीत झाला. पिपाणी मात्र राहिली. 20 नोव्हेंबरला मतदान, 23 ला निकाल. पक्षाने 86 जागा लढवल्या आणि 10 जिंकल्या. घड्याळाने 41.

आंबेगावात दिलीप वळसे पाटलांकडून देवदत्त निकम 1,523 मतांनी हरले. तिथे त्याच नावा-आडनावाचे एक अपक्ष पिपाणीवर होते, त्यांना 2,965 मतं. पारनेरमध्ये राणी लंके 1,526 मतांनी गेल्या, घनसावंगीत राजेश टोपे 2,309 मतांनी, बेलापुरात संदीप नाईक अवघ्या 377 मतांनी. या सगळ्या ठिकाणी पिपाणीची मतं हरण्याच्या फरकाहून जास्त होती. पक्षाला बोट दाखवायला जागा मिळाली, आणि ते बोट दाखवणं खोटंही नव्हतं. पण 76 ठिकाणी पराभव झाला होता. पिपाणीने ज्यांचा घास काढला ते मतदारसंघ दोन्ही हातांच्या बोटांत मावतात. बाकीच्या ठिकाणी लोकांनी तुतारीवाल्याला नीट पाहिलं, ओळखलं आणि दुसरं बटण दाबलं. जूनमध्ये आठ जागांचं श्रेय ज्याच्या गळ्यात हार म्हणून पडलं, त्याच्याच माथी नोव्हेंबरमध्ये खापर आलं. 'चिन्ह पोचलं नाही,' असं पुढारी म्हणू लागले. चिन्ह चांगलं पोचलं होतं. त्याच्या मागून कोण येतंय, हे पाहायला लोक थांबले होते.

त्याच निवडणुकीतले दोन तरुण घ्या. दोघंही विधानसभेला पहिल्यांदाच उभे, दोघांनाही नाव मोठं. तासगाव-कवठेमहांकाळमध्ये आर. आर. पाटलांचे चिरंजीव रोहित पाटील, वय 25. समोर माजी खासदार संजयकाका पाटील, हाती घड्याळ. रोहित 27,644 मतांनी निवडून आले. बारामतीत युगेंद्र पवार, समोर सख्खे काका अजित पवार, त्यांच्याही हाती घड्याळ. युगेंद्र 1,00,899 मतांनी हरले. दोघांच्या नावापुढे तोच माणूस, तीच तुतारी, तेवढ्याच आकाराची. रोहित पाटलांच्या मागे आर. आर. आबांची पुण्याई होती आणि वडील गेल्यानंतरची दहा वर्षं त्या भागात सतत दिसलेला मुलगा होता. बारामतीच्या मतदाराने मे महिन्यात सुप्रियाताईंना दिल्लीला पाठवलं आणि नोव्हेंबरमध्ये अजितदादांना मुंबईला. तुतारी ज्या हाताने निवडली, घड्याळही त्याच हाताने. त्या हाताला चिन्हांतला फरक पक्का कळत होता.

राजकीय पक्ष नव्यावर आशा लावतात त्यात गैर काही नाही. थकलेल्या पक्षाला कुणीतरी नवं लागतंच. कधी तो पुढाऱ्याचा मुलगा असतो, कधी मालिकेतला नट, कधी निवृत्त अधिकारी, कधी गावातले सर, आणि कधी नुसतं चित्र. नवख्याचं मोठं भांडवल एकच असतं, त्याच्याविरुद्ध अजून कुणाची तक्रार नसते. त्याने रस्ता अडवलेला नसतो, बदली केलेली नसते, ऊसाचं बिल थकवलेलं नसतं. तुतारीवाला तर या बाबतीत आदर्शच. तो आश्वासन देत नाही म्हणून ते मोडत नाही. तो रुसत नाही, फुटत नाही, रात्री अकरानंतर कुणाला भेटायला जात नाही. उमेदवारी मिळाली नाही म्हणून पत्रकार परिषद घेत नाही. असा निष्ठावंत कुठल्याच पक्षाला मिळालेला नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडून नको तेवढी अपेक्षा केली जाते.

त्याच्याकडून व्हायचं ते काम त्याने चोख केलं. दोन महिन्यांत तो राज्यभर ओळखीचा झाला, चोवीस वर्षांच्या घड्याळासमोर उभा राहिला, आपल्यासारख्या दिसणाऱ्यांचा मार खाऊनही टिकला. वर्दी त्याने दिली. पण ज्याची वर्दी दिली तो कोण, त्याच्या हातात काय आहे, तो आज इथे आणि उद्या तिथे तर नाही ना, या प्रश्नांची उत्तरं तुतारीत नसतात. ती पक्षाने द्यायची असतात, कार्यकर्त्यांनी पाच वर्षं फिरून द्यायची असतात, उमेदवाराने पडलेल्या निवडणुकीनंतरही मतदारसंघात थांबून द्यायची असतात. ती न देता पक्ष पुन्हा नवं चिन्ह, नवा चेहरा, नवं नाव शोधत बसला, तर लोक सनई ऐकतील, चौघडा ऐकतील, जेवून घरी जातील.

राहता राहिला मतदार, म्हणजे तुम्ही. पक्ष फुटतील, चिन्हं इकडची तिकडे जातील, एका आडनावाचे दोन सर उभे राहतील. यंत्रावर चित्राशेजारी उमेदवाराचं नाव असतं आणि 2015 पासून फोटोही असतो. बटण दाबल्यावर शेजारच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसते, तिच्यावर क्रमांक, नाव आणि चिन्ह असं तिन्ही छापलेलं असतं. चित्र पाहा, पण आधी नाव वाचा आणि नंतर ती चिठ्ठी पडेपर्यंत तिथून हलू नका.